व्यक्तिरेखेशी इमान आणि चित्रपटाचा कस
मोरोपंतांच्या रामायणांपासून ‘शिवराज अष्टका’पर्यंत

१

एकाच नायकाची कथा पुनःपुन्हा सांगणे हा उद्योग चित्रपटसृष्टीने शोधून काढला, अशी आज समजूत दिसते. ती फारशी खरी नाही. मोरोपंत पराडकर यांचा जन्म १७२९ साली पन्हाळ्यास झाला. पुढे बाबूजी नाईकांच्या आश्रयाने ते बारामतीस स्थिरावले आणि १७९४ मध्ये तेथेच निवर्तले. आर्याभारताबरोबरच त्यांनी अष्टोत्तरशत रामायणे रचली, अशी परंपरा आहे व त्यांपैकी बहुतेक उपलब्ध आहेत. नायक तोच, प्रसंग तेच, शेवट तोच. बदलत जाते ती रचनेची अट. मंत्ररामायणात श्रीरामाच्या त्रयोदशाक्षरी मंत्राची अक्षरे गुंफलेली आहेत, तर निरोष्ठ रामायणात ओष्ठ्य वर्ण वर्ज्य आहेत.

या निरोष्ठ रामायणाकडे केवळ चमत्कृती म्हणून पाहण्याची आपणास सवय आहे. परंतु त्यातील अडचण ध्यानात घ्यावी. ‘म’ हा ओष्ठ्य वर्ण असल्यामुळे ‘राम’ हे नावच कवीला उच्चारता येत नाही. म्हणजे रामाचे नाव न घेता राम श्रोत्यास ओळखू यावा, ही जबाबदारी कवीने आपण होऊन पत्करली आहे. नाव काढून घेतल्यावर व्यक्तिरेखेत जे शिल्लक उरते ते म्हणजे तिची कृती, त्या कृतीमागील कारण आणि इतरांशी तिचे वागणे. तेवढ्यावरून ती ओळखू आली, तर ती उभी राहिली असे समजावे.

प्रस्तुत लेखात या अटीचा उपयोग एका आधुनिक प्रश्नाच्या उलगड्यासाठी करावयाचा आहे. मालिकेने येणाऱ्या चित्रपटांत प्रेक्षक दोन गोष्टी तोलून पाहतात. पूर्वी परिचित असलेली व्यक्तिरेखा जशीच्या तशी राहिली काय, ही एक. आणि चित्रपट म्हणून कृती कितपत उतरली, ही दुसरी. या दोहोंत विरोध आला तर कौल कोणाकडे द्यावा, असा हा प्रश्न आहे.

२

बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांत या प्रश्नास विशेष धार आहे. भोसल्यांच्या जहागिरीत पुण्याबरोबर सुपे आणि इंदापूर या परगण्यांची नावे येतात. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. मालोजीराजांना इंदापूर येथे लढाईत मरण आले, असे परंपरा सांगते आणि त्यांची गढी या गावाच्या स्मरणात आहे. शिवाजी महाराजांवरील चित्रपट या भागातील प्रेक्षक पाहतो, तेव्हा तो परक्या देशीची कथा पाहत नसतो. पडद्यावरील माणसाविषयी त्याचे मत चित्रपटगृहात शिरण्यापूर्वीच बनलेले असते. ते पोवाड्याने, शाळेतील पुस्तकाने, बखरीच्या ऐकीव कथांनी आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या बोलण्याने बनलेले असते.

हीच स्थिती हरिदासी कीर्तनाच्या श्रोत्याची होती. उत्तररंगातील आख्यानाचा शेवट त्याला ठाऊक असे; पंतांच्या आर्या बुवांच्या मुखातून त्याने अनेकदा ऐकलेल्या असत. तरीही तो येऊन बसे, कारण कर्ण आज पुन्हा कर्णासारखा बोलतो की नाही, हे त्याला पाहावयाचे असे. बुवांचा आवाज बसलेला असला तर तो चालवून घेई. परंतु सूर उत्तम लागूनही कर्णाच्या तोंडी हलके बोल आले, तर त्याला ते खपत नसे. ज्याला आज ‘चाहत्यांचा आग्रह’ म्हणतात, त्याचे मूळ या श्रोत्याच्या ठिकाणी आहे. हा आग्रह अडाणीपणाचा आहे असे मानून समीक्षेने त्याची उपेक्षा केली, हे योग्य झाले नाही. त्याचप्रमाणे तो आग्रह कोणत्याही चिकित्सेशिवाय मान्य करणे हेही समीक्षेचे काम नव्हे.

३

आपल्यासमोरील उदाहरण दिग्पाल लांजेकर यांच्या ‘शिवराज अष्टक’ या चित्रपटमालेचे आहे. ‘फर्जंद’ (२०१८), ‘फत्तेशिकस्त’ (२०१९), ‘पावनखिंड’ (२०२२), ‘शेर शिवराज’ (२०२२) आणि ‘सुभेदार’ (२०२३) हे तिचे पहिले पाच भाग. या पाचांत चिन्मय मांडलेकर यांनी महाराजांची आणि मृणाल कुलकर्णी यांनी जिजाऊंची भूमिका केली. मराठी चित्रपटात एकाच ऐतिहासिक पुरुषावर, एकाच दिग्दर्शकाने, बहुतांशी त्याच नटसंचासह इतकी दीर्घ माला ओवल्याचे उदाहरण सहज आठवत नाही.

या मालेविषयी प्रेक्षकांच्या बोलण्यात दोन मते नेहमी भेटतात. पहिल्या मताप्रमाणे, दृश्यपरिणाम तोकडे असतील, लढाईतील गर्दी थोडी वाटत असेल, संवाद भाषणाच्या अंगाने जात असतील. परंतु महाराज महाराजांसारखे दिसतात आणि वागतात, तेवढे पुरे आहे. दुसऱ्या मताप्रमाणे, इतिहास ज्याला हवा त्याने पुस्तकात पाहावा. चित्रपटाने डोळ्यांचे पारणे फेडले म्हणजे झाले. या दुसऱ्या मताचे लोक ओम राऊत यांच्या ‘तान्हाजी’ (२०२०) या हिंदी चित्रपटाकडे बोट दाखवितात.

ही दोन्ही मते एकमेकांच्या विरुद्ध दिसली, तरी त्यांच्या मुळाशी एकच गृहीत आहे. व्यक्तिरेखा ही चित्रपटाबाहेर पूर्ण तयार असलेली वस्तू आहे आणि चित्रपटाचे कौशल्य हा तिच्यावर चढविलेला दागिना आहे, असे दोघेही समजतात. एक म्हणतो, दागिना नसला तरी चालेल. दुसरा म्हणतो, दागिना उत्तम असल्यास अंगाची चौकशी नको. निरोष्ठ रामायणाची अट दोघांनाही अडचणीत आणते. जिरेटोप, दाढी, पार्श्वसंगीत आणि जयघोष एवढे सगळे क्षणभर दूर केले आणि केवळ निर्णय, थांबणे, पाहणे व बोलणे उरले, तर हा पुरुष शिवाजी आहे हे ओळखू येईल काय? हा प्रश्न इमानाचा आहे आणि त्याच वेळी तो कलेचाही आहे. कारण निर्णय पडद्यावर दाखविण्यासाठी प्रसंगांची निवड, त्यांचा क्रम, मौनाचा अवधी आणि दृश्यांची जोडणी यांवाचून दुसरे साधन दिग्दर्शकापाशी नाही.

४

ही कसोटी प्रथम कोंढाण्याच्या कथेस लावून पाहू. फेब्रुवारी १६७० मधील या लढाईचा वृत्तांत सभासदाच्या बखरीत आटोपशीर आहे. तुळशीदासाच्या पोवाड्यात तोच रायबाच्या लग्नाने आणि घोरपडीने विस्तारला आहे. हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीत उदयभानाच्या तावडीत सापडलेली कमलकुमारी आली. ही कादंबरीकाराची निर्मिती होय. बाबूराव पेंटर यांनी १९२३ साली याच कादंबरीच्या आधारे ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. जवळजवळ शंभर वर्षांनी ‘तान्हाजी’मध्ये त्याच कमलकुमारीचा वारसा सांगणारी राजपूत स्त्री पुन्हा उदयभानाच्या कैदेत दिसते. तात्पर्य, प्रेक्षक ज्या ‘मूळ’ व्यक्तिरेखेशी इमान मागतो, तिच्यात बखरीचा, शाहिराचा आणि कादंबरीकाराचा असे तीन थर मिसळलेले असतात. तेव्हा ‘मुळाशी इमान’ म्हणजे कोणत्या थराशी, हे विचारल्यावाचून वाद पुढे नेता येत नाही.

‘तान्हाजी’ची तांत्रिक बाजू भक्कम आहे, हे मान्य केले पाहिजे. कड्याची उंची, रात्रीचा रंग, तलवारीची गती यांचा ठसा डोळ्यांवर उमटतो. परंतु त्यात उदयभानास रौद्र विदूषकाचे रूप दिले आहे आणि राजगडावर मारा करण्यासाठी ‘नागीण’ नावाची प्रचंड तोफ कल्पिली आहे. त्यामुळे तानाजीच्या कृतीचे कारण बदलते. पोवाड्यातील तानाजी घरचे लग्न बाजूस ठेवून गड घेण्यास निघतो. त्याच्या मोठेपणाचे सारे वजन त्या निवडीवर आहे. तोफेचे संकट समोर उभे केले की निवडीची जागा निकड घेते आणि पराक्रम वाढलेला दिसूनही माणूस लहान होतो. ‘सुभेदार’मध्ये साधने मर्यादित आहेत, तथापि तानाजी आणि महाराज यांच्या स्नेहाला तेथे अवकाश मिळाला आहे व त्यामुळे मृत्यूची वार्ता कानी येते तेव्हा हानी कोणाची झाली हे कळते. मात्र ‘सुभेदार’मध्येही जेथे भावना आधी शब्दांत सांगून नंतर संगीताने अधोरेखित केली जाते, तेथे नटाच्या चेहऱ्यावरील काम वाया जाते. इमान राखण्याची इच्छा असूनही ते राखले जात नाही. आणि त्याचे कारण इतिहासाचे अज्ञान हे नसून रचनेतील शैथिल्य हे आहे.

५

दुसरे उदाहरण २०२२ सालचे. त्या एका वर्षात घोडखिंडीच्या प्रसंगावर दोन चित्रपट आले. फेब्रुवारीत ‘पावनखिंड’ आणि ऑक्टोबरात अभिजित देशपांडे यांचा ‘हर हर महादेव’. पहिल्याचे प्रेक्षकांनी उत्साहाने स्वागत केले. दुसऱ्यावर महाराज आणि बाजीप्रभू यांच्यातील संघर्षाच्या चित्रणावरून आक्षेप घेण्यात आले आणि नोव्हेंबरात पुणे व ठाणे येथे काही खेळ बंद पाडण्यात आले.

खेळ बंद पाडणे ही समीक्षा नव्हे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. तथापि आक्षेपामागील जाणीव तपासण्याजोगी आहे. बाजीप्रभू हे हिरडस मावळातील बांदल देशमुखांच्या पदरचे. बांदल आणि महाराज यांच्यात आरंभी विरोध होता, ही गोष्ट इतिहासास अपरिचित नाही. तेव्हा विरोध दाखविला एवढ्यावरून चित्रपट बेइमान ठरत नाही. पाहावयाचे ते असे की, विरोधातून निष्ठेकडे जाणारी वाट दाखविली आहे काय? जुलै १६६० मध्ये खिंडीत उभा राहून मरण पत्करणारा पुरुष केवळ पराभूत होऊन वश झालेला असणे शक्य नाही. त्याचे मन जिंकले गेले असले पाहिजे. ते मन कसे जिंकले गेले याचे दृश्य नसेल, तर आधीचा विरोध आणि नंतरचे बलिदान ही दोन वेगळ्या माणसांची चरित्रे वाटू लागतात. ‘पावनखिंड’ने ही अडचण विरोधाचा भागच फारसा न मांडून टाळली. म्हणून त्या चित्रपटातील बाजी सुरक्षित आहेत. परंतु जेथे धोका पत्करलेलाच नाही, तेथे इमानाची परीक्षाही पूर्ण झाली असे म्हणता येत नाही.

बदल म्हणजे विसंगती नव्हे, हा मुद्दा परदेशातील एका प्रसिद्ध वादातही उमटला आहे. ‘स्टार वॉर्स’ या अमेरिकन मालेतील ल्यूक स्कायवॉकर १९८३ च्या चित्रपटात आपल्या दुष्ट पित्यामध्येही चांगुलपणा उरला आहे असे मानून शस्त्र टाकतो. २०१७ च्या रायन जॉन्सन यांच्या ‘द लास्ट जेडाय’मध्ये तोच ल्यूक, भविष्याच्या भीतीने, झोपलेल्या भाच्यावर क्षणभर शस्त्र उगारतो. अनेक समीक्षकांनी या चित्रपटाच्या दिग्दर्शनाची वाखाणणी केली. अनेक जुन्या चाहत्यांनी ‘हा आमचा ल्यूक नव्हे’ म्हणून तो नाकारला. भूमिका करणारे मार्क हॅमिल यांनीही आपला मतभेद जाहीरपणे बोलून दाखविला होता. येथेही तीस वर्षांत माणूस बदलणे अशक्य नाही. आक्षेप बदलास असण्याऐवजी त्या बदलाची वाट फार थोडक्यात उरकण्यास असावयास हवा होता. दोन्ही पक्षांनी हा भेद न केल्यामुळे एक पक्ष केवळ धाडसाची आणि दुसरा केवळ स्मृतीची बाजू घेऊन बसला.

६

मालिकेपुरता एक दोष आणखी आहे आणि त्याकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. ‘शिवराज अष्टका’च्या पहिल्या पाच भागांचा कालक्रम पाहावा. ‘फर्जंद’मधील पन्हाळ्याची मोहीम १६७३ ची, ‘फत्तेशिकस्त’मधील लाल महालावरील छापा १६६३ चा, ‘पावनखिंड’ १६६० चा, ‘शेर शिवराज’मधील अफझलखान-प्रसंग १६५९ चा आणि ‘सुभेदार’ १६७० चा. महाराजांचे जन्मवर्ष १६३० धरल्यास पहिल्या चित्रपटात ते त्रेचाळीस वर्षांचे आहेत आणि चौथ्यात एकोणतीस वर्षांचे. प्रेक्षक पुढे जातो आणि नायक मागे येतो.

हा क्रम स्वतःच दोषास्पद नाही. कुशल दिग्दर्शक त्याचाच लाभ घेऊ शकतो. त्रेचाळिशीतील स्थिरता आधी दाखवून, ती कोणत्या भयांतून आणि कोणत्या शोकांतून घडली हे नंतर उलगडता येते. प्रतापगडाखाली उतरणाऱ्या एकोणतीस वर्षांच्या तरुणाला आग्र्याहून सुटून आलेल्या अनुभवी राजाची खात्री असणे संभवत नाही. त्याच्या धैर्यात अनिश्चिततेचा अंश असला पाहिजे. परंतु या मालेत महाराजांची मुद्रा, बोलण्याची लय आणि आत्मविश्वास ही पाचही चित्रपटांत जवळजवळ एकसारखी राहिली आहेत. प्रेक्षकाला ती एकसारखी राहिलेली आवडते, कारण त्यालाच तो इमान समजतो. वस्तुतः येथे इमान मूर्तीशी राखले गेले आहे. माणसाच्या वाढीशी ते राखावयाचे राहून गेले आहे.

नटसंचाची योजनाही या संदर्भात पाहण्यासारखी आहे. अजय पूरकर हे ‘फत्तेशिकस्त’ व ‘सुभेदार’ या चित्रपटांत तानाजी आणि मधल्या ‘पावनखिंड’मध्ये बाजीप्रभू झाले. प्रेक्षकांनी हे निर्वेधपणे स्वीकारले. चेहरा तोच असूनही दोन वीर वेगळे ओळखू येतात, म्हणजे नाव व चेहरा यांवाचून व्यक्तिरेखा उभी करता येते, याची ग्वाही याच मालेत मिळते. उलटपक्षी, नट आणि भूमिका यांतील अंतर प्रेक्षक कधी कधी अजिबात मानीत नाहीत. एका कौटुंबिक बाबीवरून समाजमाध्यमांत झालेल्या टीकेनंतर मांडलेकर यांनी एप्रिल २०२४ मध्ये महाराजांची भूमिका यापुढे न करण्याचे जाहीर केले. व्यक्तिरेखेशी इमान या नावाखाली प्रेक्षक काय मागू लागतात, आणि ती मागणी कलेच्या क्षेत्राबाहेर कशी जाते, हे यावरून दिसते.

७

इमानाचा विचार आपण नायकापुरता करतो, ही दुसरी उणीव आहे. लक्ष्मण उतेकर यांच्या ‘छावा’ (२०२५) या हिंदी चित्रपटाच्या वेळी दोन आक्षेप निघाले. संभाजी महाराजांच्या लेझीम-नृत्याचा प्रसंग प्रदर्शनापूर्वीच गाळण्यात आला. गणोजी व कान्होजी शिर्के यांच्या चित्रणावर शिर्के घराण्यातील वंशजांनी घेतलेल्या आक्षेपानंतर दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. यांपैकी पहिल्या आक्षेपाची चर्चा अधिक झाली. वाङ्मयीन दृष्ट्या दुसरा अधिक महत्त्वाचा आहे. फितुराच्या मनात काय चालले होते हे न दाखविता त्यास केवळ फितूर ठरविले, तर ज्याच्याशी फितुरी झाली त्या नायकाची शोकांतिकाही उथळ होते.

सुप्याचा प्रसंग या दृष्टीने उद्बोधक आहे. संभाजी मोहिते हे महाराजांच्या सावत्र मातेचे बंधू आणि सुपे परगण्याचे कारभारी. शिमग्याचे पोस्त मागण्याच्या निमित्ताने महाराज त्यांच्याकडे गेले आणि मामांस कैद करून सुपे ताब्यात घेतले, असे सभासद सांगतो. पुढे मामांची रवानगी कर्नाटकात शहाजीराजांकडे झाली, अशी परंपरा आहे. या प्रसंगात रणांगण नाही, परधर्मी शत्रू नाही, कडा चढणे नाही. आहे तो सणाचा दिवस, नात्यातील वडील माणूस आणि राज्याची निकड. मोहित्यांस खलनायक केले तर प्रसंग सोपा होतो आणि शिवाजी ओळखू येत नाही. कारण मामांचा मान आणि परगण्याची गरज हे दोन्ही एकाच वेळी जाणणारा भाचा, हेच येथील शिवाजीचे स्वरूप आहे. मामांस त्यांची बाजू दिली, त्यांचा शहाजीराजांशी असलेला इमानी संबंध दाखविला, तर भाच्याच्या निर्णयास किंमत येते. हा प्रसंग उत्तम रीतीने चित्रित करण्यास फार मोठा खर्च लागणार नाही; लागेल ती पटकथेची आणि दिग्दर्शनाची कसोशी. खर्चावाचून निर्मितिगुण शक्य नाहीत, ही सबब येथे टिकत नाही.

८

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, व्यक्तिरेखेशी इमान आणि चित्रपटाचा कस ही तराजूची दोन पारडी नव्हेत. वेष, नाव, घोषणा यांशी राखलेले इमान कलेवाचून राखता येते. स्वभावाशी राखावयाचे इमान कलेवाचून राखताच येत नाही. दुसरा असा की, बदल दाखविणे हा द्रोह नाही. बदलाची वाट गाळणे हा रचनेचा दोष आहे आणि म्हणूनच तो व्यक्तिरेखेवरील अन्यायही आहे. तिसरा असा की, मालिकेत नायक न वाढता तसाच राहिला, तर प्रत्येक नवा भाग प्रेक्षकाच्या आधीच्या श्रद्धेवर जगतो आणि तिच्यात स्वतःची भर घालीत नाही.

प्रेक्षकांच्या बाजूने एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. ‘चित्रपट साधारण आहे, पण महाराज आमचे आहेत’ असे म्हणणारा माणूस दिग्दर्शकास उदारपणे उधारी देत असतो. ती उधारी फेडण्याची जबाबदारी दिग्दर्शकावर येते, हे त्याने विसरू नये. आणि प्रत्येक भागास तीच सवलत मागितली गेली, तर प्रेक्षकानेही हिशेब विचारावा. ज्या व्यक्तीविषयी आपणास आदर आहे, तिच्यावरील ओबडधोबड कृती त्या आदरापोटी खपवून घेतल्याने पुढील पिढीच्या मनात तीच ओबडधोबड प्रतिमा राहते. इतिहास पडद्यावरून शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत ही हानी लहान नाही.

या विषयाच्या अभ्यासास बारामती व इंदापूर हे क्षेत्र अनुकूल आहे. आख्याने ऐकलेले वृद्ध श्रोते आणि चित्रपट पाहणारी त्यांची नातवंडे येथे अद्याप एकाच घरात भेटतात. ‘हा कर्ण नव्हे’ आणि ‘हे महाराज नव्हेत’ या दोन उद्गारांमागील कारणे त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवल्यास, व्यक्तिरेखेची ओळख सामान्य रसिक नेमकी कशावरून पटवून घेतो, याचे साधार उत्तर मिळू शकेल. विभागातील संशोधकांनी हे काम हाती घ्यावे, अशी सूचना येथे करावीशी वाटते.